शुल्कमाफीची जागा सोडून महाविद्यालय बदलावे काय?

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचे निकाल हाती येऊ लागले की महाविद्यालयांच्या कार्यालयांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. दुसऱ्या वर्षापासून दुसऱ्या महाविद्यालयात जाता येईल का? विचारणारा विद्यार्थी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र किंवा स्थापत्य शाखेत शिकत असतो आणि त्याला पुण्या-मुंबईकडे संगणक शाखेत जायचे असते. कधी प्रयोगशाळा निकृष्ट असतात, कधी अध्यापकांची पदे रिकामी असतात, तर कधी बरोबरीचे मित्र पुढे गेल्याची बोचणी असते. कारण कोणतेही असो, ज्या विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क माफीवर किंवा शिष्यवृत्तीवर चालले आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न केवळ शैक्षणिक राहत नाही. महाविद्यालय बदलले तर आर्थिक सवलतही त्याच्यासोबत जाईल का, हे त्याला आधी पाहावे लागते. अनेकदा ती जात नाही. दुर्दैवाने ही गोष्ट बऱ्याच कुटुंबांना जुना प्रवेश रद्द केल्यानंतर कळते.

महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मिळणाऱ्या सवलती वरकरणी सारख्या दिसतात. शुल्काच्या पावतीवर 'माफ' असा शिक्का दिसला की पालक निर्धास्त होतात. पण ही माफी कशाला जोडलेली आहे, हे प्रत्येक योजनेत निराळे असते. काही सवलती विद्यार्थ्याच्या सामाजिक प्रवर्गाला आणि कुटुंबाच्या उत्पन्नाला जोडलेल्या असतात. काही सवलती प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावर अवलंबून असतात, आणि एक सवलत तर थेट त्या एका जागेलाच बांधलेली असते. महाविद्यालय बदलण्याचा निर्णय घेताना हा भेद ध्यानात न घेतल्यास पुढचे सगळे हिशेब चुकतात.

जागेला बांधलेली माफी

सर्वांत कठोर नियम आहे तो अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या शिक्षण शुल्क माफी योजनेचा. विद्यार्थी-पालकांत ती 'टीएफडब्ल्यूएस' या नावानेच ओळखली जाते. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के इतक्या जागा या योजनेत क्षमतेपेक्षा अधिक, म्हणजे अधिसंख्य म्हणून दिल्या जातात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेले विद्यार्थी या जागांसाठी पात्र असतात आणि निवड गुणवत्तेनुसार होते. जागा थोड्या आणि मागणी मोठी, त्यामुळे त्याच महाविद्यालयातील त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा या जागेसाठी सहसा अधिक गुण लागतात. म्हणजे ही जागा मिळवणारा विद्यार्थी बऱ्यापैकी हुशार असतो आणि नेमका त्यालाच पुढे अधिक चांगल्या महाविद्यालयाची ओढ लागते.

परंतु या योजनेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही परिस्थितीत संस्था किंवा अभ्यासक्रम बदलता येणार नाही, असे परिषदेच्या नियमांत स्पष्ट नमूद आहे. येथे 'अभ्यासक्रम' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महाविद्यालयात जाणे तर दूरच, त्याच महाविद्यालयात यंत्र शाखेतून संगणक शाखेत जाण्याचा मार्गही बंद असतो. सर्वसाधारण जागेवरील विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी रिक्त जागा असल्यास गुणवत्तेनुसार शाखाबदल मिळू शकतो, पण टीएफडब्ल्यूएसचा विद्यार्थी त्या रांगेत उभा राहू शकत नाही.

नियम जाचक वाटला तरी त्यामागे तर्क आहे. या जागेचे शिक्षण शुल्क शासन महाविद्यालयाला भरून देत नाही, त्याचा भार संस्थाच सोसते. जागा अधिसंख्य असल्याने ती मंजूर क्षमतेच्या हिशेबात धरलेली नसते. विद्यार्थी दुसरीकडे गेला, तर नव्या संस्थेने आपल्या वाट्याच्या ५ टक्क्यांपलीकडे आणखी एकाचे शुल्क का सोडावे, असा प्रश्न उभा राहतो. शिवाय माफी ही फक्त शिक्षण शुल्काची असते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह व भोजनाचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. 'शून्य शुल्कात प्रवेश' अशी समजूत करून घेणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो तो यामुळे.

तेव्हा टीएफडब्ल्यूएसच्या विद्यार्थ्यापुढे 'बदली' हा पर्यायच नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. आहे तिथे शिक्षण पूर्ण करणे किंवा प्रवेश रद्द करून, पुन्हा सामाईक प्रवेश परीक्षा देऊन, प्रथम वर्षापासून नव्याने सुरुवात करणे. दुसऱ्या वाटेने जाणारा विद्यार्थी पुन्हा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत उतरतो आणि पुरेसे गुण मिळाल्यास त्याला पुन्हा शुल्कमाफीची जागाही मिळू शकते. पण ती मिळेलच असे गृहीत धरून हातची जागा सोडणे धाडसाचे ठरते.

प्रवेशाच्या मार्गाला जोडलेल्या सवलती

राज्य शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांना परिचित आहे. तीत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे ५० टक्के शिक्षण शुल्क व ५० टक्के परीक्षा शुल्क शासन देते. इतर मागास वर्गातील मुलांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांत साधारण याच प्रमाणात सवलत मिळते, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती आहे.

या सवलतींची मुख्य अट अशी की, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला त्या लागू होत नाहीत. म्हणून दुसऱ्या वर्षी रिक्त जागेवर बदली घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने, 'माझ्या बदलीनंतर महाडीबीटीवर माझा अर्ज नूतनीकरण म्हणून स्वीकारला जाईल का' हा प्रश्न नव्या महाविद्यालयाला विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयातही तोच प्रश्न विचारावा. प्रवेश विभागातील कर्मचाऱ्याने तोंडी दिलेल्या 'होईल, होईल' या आश्वासनावर विसंबून चालत नाही. रिक्त जागा भरणे ही त्याची गरज असते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला तर पूर्ण शुल्क भरण्याची वेळ विद्यार्थ्यावर येते.

याहून मोठा सापळा खासगी विद्यापीठांचा आहे. राज्यात गेल्या काही वर्षांत स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांची संख्या पुष्कळ वाढली आहे. अभिमत विद्यापीठे त्याआधीपासून आहेत. त्यांचे परिसर देखणे असतात, जाहिराती ठळक असतात आणि थेट दुसऱ्या वर्षात सामावून घेण्याची तयारीही काही ठिकाणी दाखवली जाते. पण राज्याची शुल्क सवलत तेथे चालत नाही. ज्या विद्यार्थ्याचे अर्धे किंवा पूर्ण शुल्क शासन भरत होते, त्याला तेथे पूर्ण शुल्क खिशातून द्यावे लागते. संस्थेची स्वतःची 'गुणवत्ता शिष्यवृत्ती' देऊ केली असेल, तर ती पहिल्या वर्षापुरती आहे की अखेरपर्यंत, किती गुण राखले तर टिकते आणि दरवर्षी वाढणाऱ्या शुल्कावर ती लागू होते का, हे कागदावर पाहिल्याखेरीज तिला शिष्यवृत्ती समजू नये.

विद्यार्थिनींसाठी बदललेले गणित

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने या सगळ्या हिशेबात एक मोठा फरक पडला आहे आणि त्याचा पुरेसा विचार अजून पालकांकडून होताना दिसत नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत मिळू लागली. येथेही प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे योजनेबाहेर आहेत.

याचा अर्थ असा की, या योजनेस पात्र असलेल्या मुलीला शिक्षण शुल्क वाचवण्यासाठी टीएफडब्ल्यूएसची जागा घेण्याची तितकी निकड उरलेली नाही. पसंतीक्रमाच्या अर्जात एकाच महाविद्यालयाच्या एकाच शाखेसाठी सर्वसाधारण जागेचा आणि शुल्कमाफीच्या जागेचा असे दोन वेगळे संकेतांक असतात. टीएफडब्ल्यूएसच्या संकेतांकाला शेवटी 'टी' हे अक्षर असते. जुन्या सवयीने मुलीही 'टी' असलेले संकेतांक वर लिहितात. मग एखाद्या मध्यम महाविद्यालयात माफीची जागा पदरात पडते आणि संस्था-शाखा बदलण्याचा मार्ग बंद होतो. सर्वसाधारण जागेवर हीच मुलगी शुल्कातून मुक्त राहिली असती आणि पुढे शाखाबदलाची संधीही तिच्या हाती उरली असती.

अर्थात दोन्हींत फरक आहेच. टीएफडब्ल्यूएसची माफी प्रवेशाबरोबरच ठरते. शासनाच्या योजनेत मात्र दरवर्षी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो, उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, आणि रक्कम येण्यास विलंब झाला की काही महाविद्यालये विद्यार्थिनींकडे शुल्काचा तगादा लावतात. वडिलांची पदोन्नती होऊन उत्पन्न मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता असलेल्या घरात टीएफडब्ल्यूएसची निश्चिती मोलाची ठरू शकते. उत्पन्न मर्यादेच्या बरेच खाली असेल, तर मात्र मोकळीक असलेली जागा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्याच्या प्रवर्गाला व उत्पन्नाला जोडलेली आहे. अनुसूचित जातींसाठी तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये असून त्यावरील उत्पन्नगटासाठी राज्यात फ्रीशिपची सोय आहे. त्यामुळे महाविद्यालय बदलल्यास ही सवलत तत्त्वतः विद्यार्थ्यासोबत जाऊ शकते. पण २०१० च्या केंद्रीय नियमावलीतील एक कलम पाहण्यासारखे आहे. शिष्यवृत्ती ज्या अभ्यासविषयासाठी मंजूर झाली तो विषय किंवा ती संस्था, राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कम वसूलही केली जाऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. 'पूर्वपरवानगी' या शब्दातील 'पूर्व' कडे दुर्लक्ष झाल्याने त्रास होतो. आधी बदली आणि मग अर्ज हा क्रम उलटा आहे. समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात बदलीपूर्वी अर्ज देऊन त्याची पोच घेतलेली बरी.

निर्वाहाच्या खर्चाचाही विचार येथेच करायला हवा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत कामगारांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. भत्त्याची रक्कम शहरानुसार बदलते, आणि मोठ्या शहरातील खाटभाडे व खानावळ यांचा खर्च बऱ्याचदा त्यापुढे जातो.

एक काल्पनिक हिशेब

खुल्या प्रवर्गातील, साडेपाच लाख उत्पन्न असलेल्या घरातील एक मुलगा समजू. तो आपल्याच गावातील महाविद्यालयात टीएफडब्ल्यूएसच्या जागेवर यंत्र अभियांत्रिकी शिकतो. घरीच राहतो. शिक्षण शुल्क माफ, इतर शुल्क वर्षाला १४ हजार. उरलेल्या तीन वर्षांचा खर्च ४२ हजार रुपये होतो.

त्याने प्रवेश रद्द करून पुन्हा परीक्षा दिली आणि पुण्यात संगणक शाखेत सर्वसाधारण जागा मिळवली, असे धरू. तेथील शिक्षण शुल्क १ लाख ४० हजार. निम्मे शासन देईल, तेव्हा ७० हजार घरचे. इतर शुल्क २० हजार, राहण्या-जेवणाचा खर्च १ लाख. वर्षाला १ लाख ९० हजार, चार वर्षांचे ७ लाख ६० हजार. फरक ७ लाख १८ हजारांचा, आणि वाया गेलेले एक वर्ष वेगळे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. प्रत्येक महाविद्यालयाचे मंजूर शुल्क राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडून ठरते आणि ते जाहीर केलेले असते. ते पाहून प्रत्येकाने स्वतःचे आकडे या चौकटीत भरावेत.

फरकाची रक्कम मोठी आहे म्हणून निर्णय आपोआप 'नाही' असा होत नाही. ज्या मुलाचा कल खरोखरच संगणकाकडे आहे, जो प्रथम वर्षी स्वतःहून प्रोग्रॅमिंग शिकला आहे, त्याच्या बाबतीत हा खर्च पुढे भरून निघू शकतो. पण केवळ शाखेच्या नावाला बाजारात भाव आहे म्हणून सात लाखांचे कर्ज काढणे वेगळे. अलीकडे सर्वच महाविद्यालयांनी संगणक व तत्सम शाखांच्या तुकड्या वाढवल्या आहेत. चार वर्षांनी त्या सगळ्यांना आजच्याच दराने नोकऱ्या मिळतील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चे फलकही देत नाहीत.

कर्जाचाही महाविद्यालयाशी संबंध असतो. शैक्षणिक कर्ज विशिष्ट संस्था आणि अभ्यासक्रमासाठी मंजूर होते. संस्था बदलली की बँकेकडे नव्याने जावे लागते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत, वैद्यकीय कारण वगळता, अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला अनुदान मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, मात्र संस्था त्या योजनेच्या यादीत असावी लागते. नवे महाविद्यालय यादीत आहे का, हे आधी पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

न बदलता काय साधता येईल?

२०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक बँकेची व्यवस्था आणली. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत ग्राह्य धरले जाण्याचा मार्ग तिने मोकळा केला. त्यामुळे 'आता महाविद्यालय बदलणे सोपे झाले' असे सर्रास बोलले जाते. श्रेयांक पुढे नेता येतात हे खरे, पण शुल्कमाफी त्या बँकेत जमा होत नाही. शिवाय स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम एकमेकांशी जुळत नाहीत, आणि समकक्षता ठरवताना प्रथम वर्षाचे दोन-तीन विषय पुन्हा देण्याची वेळ येऊ शकते.

आहे त्या जागेवर राहून शाखेची उणीव भरून काढण्याची एक सोय मात्र तंत्रशिक्षण परिषदेच्या चौकटीतच आहे. नियमित पदवीसोबत १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून दुसऱ्या विषयातील 'मायनर' पदवी घेता येते. यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याला विदाशास्त्र किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेत मायनर करता येते आणि त्यात शुल्कमाफीच्या जागेला धक्का लागत नाही. आपल्या महाविद्यालयात ती उपलब्ध आहे का आणि तिचे जादा शुल्क किती, हे दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच विचारावे.

महाविद्यालय बदलण्याची खरी वेळ पदवीनंतर येते, असे माझे मत आहे. 'गेट' परीक्षेच्या गुणांवर आयआयटी, एनआयटीमध्ये एम.टेक.ला प्रवेश मिळतो, गेटद्वारे प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२ हजार ४०० रुपयांचे विद्यावेतनही मिळते. २०२१ पासून गेटला ठरावीक जोड्यांमधून दोन विषय निवडता येतात, त्यामुळे शाखेची कुंपणेही थोडी सैल झाली आहेत. साध्या महाविद्यालयातून कर्जाविना बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला ही वाट मोकळी असते. डोक्यावर हप्ते घेऊन बाहेर पडलेल्याला बहुधा मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते.

तरीही काही परिस्थितींत महाविद्यालय सोडणेच योग्य ठरते. अध्यापकच नाहीत, तासिका होत नाहीत, परिषदेची मान्यता धोक्यात आली आहे, वसतिगृहात छळ होतो आहे किंवा घरी आजारपण असल्याने गावाजवळ येणे भाग आहे, अशा वेळी सात लाखांचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही.

सोडायचे ठरलेच, तर तारखांकडे लक्ष हवे. प्रवेशाच्या अंतिम दिनांकापूर्वी प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त १ हजार रुपये कापून बाकी शुल्क परत करणे तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार संस्थेला बंधनकारक आहे. त्यानंतर रद्द केल्यास, ती जागा अंतिम दिनांकापर्यंत दुसऱ्याने भरली तर प्रमाणशीर कपात होते. जागा रिकामी राहिली तर केवळ अनामत रक्कम हाती पडते. मात्र कोणत्याही टप्प्यावर पुढील वर्षांचे शुल्क मागण्याचा किंवा मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. रद्दीकरणाचा अर्ज दुहेरी करून एका प्रतीवर दिनांकासह शिक्का घ्यावा, चालू वर्षाचा शिष्यवृत्तीचा अर्ज जुन्या महाविद्यालयाने पुढे पाठवला असल्यास तो मागे घ्यायला लावावा, आणि खात्यावर जमा झालेली रक्कम परत करायची असेल तर तिची पावती नव्या प्रवेशाच्या कागदांसोबत जपून ठेवावी.